आमच्या घरचा बावीस डिसेंबर

माझी लेक पाच वर्षांची होती, तेव्हाची गोष्ट. घरी संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. हॉलमध्ये पंधरा-वीस बायका, माझ्या एका हातात अत्तरदाणी, दुसऱ्या हातात वाणाच्या स्टीलच्या वाट्या. तेवढ्यात लेकीने विचारलं, "आई, आजी आतल्या खोलीत का बसली आहे?" मी घाईघाईत सांगून टाकलं, "तिचे गुडघे दुखताहेत." लेकीला पटलं. दोन तिळाचे लाडू घेऊन ती आजीकडे गेली आणि दार लोटून घेतलं.

पुढच्या वर्षी तोच हॉल, त्याच बायका, वाण फक्त वेगळं. शेजारच्या काकूंनी सहज विचारलं, "आजी दिसत नाहीत?" मी तोंड उघडायच्या आत लेक म्हणाली, "आजीचे गुडघे फक्त हळदीकुंकवालाच दुखतात."

कुणी हसलं नाही. आतलं दार अर्धवट उघडं होतं, त्यामुळे सासूबाईंनीही ते ऐकलं असणार. रात्री भांडी आवरताना त्या मला एवढंच म्हणाल्या, "अगं, पोरीला खोटं कशाला सांगितलंस? मला कंटाळा येतो असं सांगायचं." म्हणजे एका खोट्याच्या जागी दुसरं.

सासरे जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. मी आणि नवरा दोघंही देवपूजा करत नाही. आमचं लग्नही नोंदणी पद्धतीने झालं. सासूबाई रोज पूजा करतात आणि त्यात आम्ही कधी लुडबुड केलेली नाही. तरीही देव न मानणारी मी दर संक्रांतीला सवाष्ण म्हणून मिरवत होते, आणि देव मानणाऱ्या सासूबाई आत बसत होत्या. रोज ऑफिसात दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधणाऱ्या मला ही चूक दिसायला सहा वर्षांची मुलगी लागली.

माझा पहिला विचार होता, हळदीकुंकू बंदच करायचं. तसं सासूबाईंना सांगितलं, तर त्या चिडल्या. "माझ्यामुळे घरातला एक सण गेला, हे मला ऐकायचं नाही. तू कर. मी बसते आत." त्यांचं बरोबर होतं. बंद केलं असतं तर दोष त्यांच्याच कपाळी गेला असता. शिवाय इंदूरमध्ये राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको, आपल्याकडे हळदीकुंकू म्हणजे नुसतं हळदीकुंकू नसतं. शाळेत हिंदी, ऑफिसात इंग्रजी, रिक्षावाल्याशी पुन्हा हिंदी. घराबाहेरच्या दहा जणी एकत्र बसून मराठी बोलताहेत, हे लेकीला ऐकायला मिळतं ते अशा दोन-चार दिवशीच. ते घालवून मी तिला काय देणार होते?

मग डिसेंबर आला. शाळेत लाल टोपीचा सांताक्लॉज येऊन गेला आणि नाताळपासूनची थंडीची सुट्टी जवळ आली. लेकीच्या हट्टापायी नवऱ्याने बाजारातून हातभर उंचीचं प्लॅस्टिकचं झाड आणलं. त्यात वावगं काही नव्हतं. दिवे लागले की छान दिसायचं. पण तिने विचारलं, "हा आपला सण आहे का?" नवरा म्हणाला, "सगळ्यांचाच आहे." ती म्हणाली, "मग आपला कोणता?"

मी ठरवलं, आपणच एक करू. सुट्टीतला सण, ज्यात देव-धर्म नाही, सवाष्ण-विधवा नाही, आतली खोली नाही. आणि इंजिनियर करते तेच केलं. एक्सेल उघडलं. रोज एक याप्रमाणे दहा दिवसांचे दहा उपक्रम लिहिले. एक दिवस पुस्तक वाचायचं, एक दिवस जुने कपडे द्यायचे, एक दिवस मोबाइल बंद. इंटरनेटवर पाहून एक काचेची बरणीही ठेवली. रोज प्रत्येकाने चिठ्ठीवर एक चांगली गोष्ट लिहून त्यात टाकायची. तिसऱ्या दिवशी नवऱ्याच्या चिठ्ठीवर होतं, "आज चिठ्ठी लिहायची आठवण राहिली." पाचव्या दिवशी सगळं थांबलं. त्या बरणीत आता जिरावण असतं.

सासूबाई हे सगळं बघत होत्या. सुट्टी संपल्यावर मटार सोलता सोलता म्हणाल्या, "तू केलास तो कार्यक्रम होता, सण नव्हता. सणाला तिथी लागते. खायला एक ठरलेलं लागतं. आणि काम लागतं, ज्याचं त्याला नेमून दिलेलं. तुझ्या यादीत मला काय काम होतं? तुम्हा दोघांना देव नको, ठीक आहे. पण त्या न मानण्यात मी काय करायचं?"

मला वाटलं होतं, नको ते काढून टाकलं की उरेल ते सगळ्यांचं असेल. उरलं होतं ते कुणाचंच नव्हतं.

तिथीपासून सुरुवात केली. कुठल्याही धर्माचा शिक्का नसलेला, तरीही आम्ही मनाने ठरवलेला नाही, असा दिवस हवा होता. तो आकाशात होताच. २२ डिसेंबर, वर्षातला सर्वांत लहान दिवस आणि सर्वांत मोठी रात्र. हा क्षण कधी २१ ला येतो, कधी २२ ला. पण एका दिवसाने सावलीत पडणारा फरक आमच्या गच्चीवर मोजता येण्यासारखा नाही, म्हणून आम्ही २२ पक्की केली. त्या दिवशी इंदूरला सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि पावणेसहाच्या सुमारास मावळतो. दिवस साधारण पावणेअकरा तासांचा, रात्र सव्वातेरा तासांची.

सासूबाईंनी लगेच हरकत घेतली. "उत्तरायण तर संक्रांतीला लागतं." प्रश्न रास्त होता. आपली संक्रांत ताऱ्यांच्या संदर्भाने धरलेली आहे. सूर्य मकर राशीत शिरला की संक्रांत. पण पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा हळूहळू फिरतो, त्याच्या एका फेरीला जवळपास २६ हजार वर्षं लागतात. त्यामुळे सूर्याचं उत्तरेकडे वळणं आणि मकर राशीत शिरणं यांच्यात दर ७०-७२ वर्षांनी एका दिवसाचं अंतर पडत गेलं. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी दोन्ही एकाच वेळी होत असत. आज त्यांच्यात तेवीस-चोवीस दिवस आहेत. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे ही मूळची संक्रांतच. मग तिळाला हरकत नाही." मेन्यू तिथेच ठरला.

आता काम. लेकीला मोजायला आवडतं, म्हणून त्या दिवशीची सावली मोजायची ठरली. प्लंबरने टाकून दिलेला पाइपचा तुकडा नवऱ्याने बरोबर एक मीटरवर कापला. टेप सासूबाईंच्या शिवणाच्या डब्यातली. इंदूरला भर दुपार बाराला होत नाही, कारण आपलं घड्याळ चालतं ते बरंच पूर्वेकडच्या रेखावृत्तावर. २२ डिसेंबरला सूर्य इथे माथ्यावर येतो तो साधारण बारा पंचवीसला. त्या वेळची सावली वर्षातली सर्वांत लांब मध्यान्हीची सावली.

हिशेब शाळेतल्या भूमितीचा आहे. इंदूरचा अक्षांश सुमारे २२.७ अंश उत्तर. सूर्य त्या दिवशी २३.४ अंश दक्षिणेला. बेरीज ४६.१. म्हणजे सूर्य डोक्यावरून तेवढा खाली कललेला. त्यावरून एक मीटर काठीची सावली १०४ सेंटिमीटर यायला हवी. पहिल्या वर्षी आली १०८. मी पुन्हा पुन्हा आकडेमोड करत बसले. सासूबाई म्हणाल्या, "गणित बरोबर असेल गं, तुझा पाइप वाकडा आहे. आणि गच्चीला पाणी जायला उतार आहे, तो कोण धरणार?" दोन्ही खरं होतं. दुसऱ्या वर्षी दोऱ्याला नट बांधून ओळंबा केला, खाली फळी सपाट करून घेतली, आणि सावली १०५ भरली. दोन्ही आकडे सासूबाईंनी दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर लिहून ठेवले आहेत.

मधल्या जून महिन्यात हाच पाइप पुन्हा उभा केला. ढगांतून दहाच मिनिटं ऊन मिळालं. कर्कवृत्त आपल्या उत्तरेला थोडंच दूर, त्यामुळे २१ जूनला सावली जेमतेम सव्वा सेंटिमीटर पडते. आमच्या पाइपाने ती स्वतःच्याच जाडीत लपवली. "सावली कुठे गेली?" म्हणून लेक पाइपाभोवती फिरत राहिली. डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही उज्जैनच्या वेधशाळेतही जाऊन आलो. जयपूरच्या सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात ती बांधली. तिथल्या शंकू यंत्राचं काम आमच्या पाइपासारखंच, फक्त ते ओळंब्यात आहे. सासूबाई महाकालला असंख्य वेळा गेल्या होत्या, वेधशाळेत पहिल्यांदाच. शंकूजवळ त्या बराच वेळ उभ्या राहिल्या.

संध्याकाळचं जेवण आता ठरलेलं आहे. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, पावटा-गाजर-वांगी-हरभरा घातलेली भोगीसारखी मिसळीची भाजी, आणि इंदूरचं म्हणून गराडू. सराफ्यातल्यासारखे तळून, वर जिरावण आणि लिंबू. गराडू सोलताना हाताला खाज सुटते, म्हणून ते काम आणि तळणही नवऱ्याकडे. हा नियम मी मुद्दाम पहिल्याच वर्षी घातला. घरात नवा सण आला की बाईच्या कामात एका दिवसाची भर पडते, ते मला नको होतं. भाकरी माझ्याकडे, ताटं-पाणी लेकीकडे. सासूबाईंना स्वयंपाकघरात काम नाही. त्यांचं काम जेवणानंतर सुरू होतं.

जेवण झालं की घरातले दिवे, टीव्ही, मोबाइल बंद. मधोमध एक कंदील. रात्र मोठी आहे, तर प्रत्येकाने स्वतःच्या आयुष्यातली एक गोष्ट सांगायची, इतरांना ठाऊक नसलेली. सुरुवात वयाने सर्वांत मोठ्या माणसाने करायची.

पहिल्या वर्षी सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांनी देवासच्या त्यांच्या माहेरची गोष्ट सांगितली. त्यांची एक आत्या होती, तरुणपणीच विधवा झालेली, भावाकडे राहायची. हलवा करण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. थंडीच्या दिवसांत पहाटे शेगडीवर परात ठेवून, तिळावर चमचाचमचा पाक घालत ती बोटांनी हलवत बसायची. बोटं भाजायची, पण असा काटा यायचा की लोक विचारायला यायचे. वाड्यातल्या प्रत्येक नव्या सुनेचे हलव्याचे दागिने तिच्या हातचे. हार, बांगड्या, बिंदी, सगळं. बोरन्हाणाच्या बाळांचे मुकुटसुद्धा. आणि संक्रांतीच्या दिवशी दागिने बाहेर जायचे, आत्या आत.

"तिच्या हातचं सगळ्यांना चालायचं," सासूबाई म्हणाल्या. "आणि मला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. आत्या आत असायची, म्हणजे असायची. माझ्या पहिल्या संक्रांतीचे दागिनेसुद्धा तिनेच केले. मी ते घालून तिला दाखवायलासुद्धा आत गेले नाही. बायका खोळंबल्या होत्या."

कंदिलाच्या उजेडात कुणाचा चेहरा नीट दिसत नव्हता, ते बरंच झालं. थोड्या वेळाने लेकीने विचारलं, "आजी, एका हाराला किती दाणे लागायचे?" सासूबाईंनी खरोखर विचार केला. "मोजले नाहीत गं कधी. मोजायला हवे होते."

त्या रात्री मला कळलं की आतल्या खोलीचा प्रश्न माझ्या हॉलमध्ये सुरू झाला नव्हता, आणि एका एक्सेलने सुटणारही नव्हता.

सुट्टीची सुरुवात ठरली होती, शेवट ठरायचा होता. तो ३ जानेवारीवर ठरला, सावित्रीबाई फुल्यांच्या जन्मदिवसावर. त्यांचा जन्म १८३१ चा. मुलींची शाळा सगळ्यांना माहीत असते, पण १८६३ मध्ये जोतिराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात स्वतःच्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, ते आपण मुलांना फारसं सांगत नाही. फसवल्या गेलेल्या, दिवस राहिलेल्या विधवांना तिथे सुरक्षित बाळंत होता येत असे. अशाच एका विधवेचा मुलगा, यशवंत, त्यांनी दत्तक घेतला. घरात जागा करून देणं म्हणजे काय, हे त्या घरापेक्षा स्पष्ट कुठे दिसणार?

म्हणून आमचं हळदीकुंकू आम्ही बंद केलं नाही, बदललं. निमंत्रणात आता लिहितो, "३ जानेवारी, संध्याकाळी तिळगूळ आणि वाण. सगळ्यांनी या." सगळ्यांनी म्हणजे बायका, पुरुष, मुलं, लग्न झालेल्या, न झालेल्या, नवरा असलेल्या, नसलेल्या. हळदीकुंकू नाही, तिळगूळ सगळ्यांना. वाण म्हणून एक मराठी पुस्तक किंवा मुलांसाठी वही. हे काही आम्ही जगात पहिल्यांदा करतोय असं नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि इतर ग्रामपंचायतींनीही तसं करावं म्हणून महाराष्ट्र सरकारने परिपत्रक काढलं. एक अख्खं गाव ठरवू शकतं, तर आमचा टू-बीएचके फ्लॅट का नाही?

सगळं गोड झालं असं मात्र नाही. पहिल्या वर्षी नेहमीच्या बायकांपैकी सहा-सात जणी आल्या नाहीत. एकीने फोनवर सांगितलं, "तुम्ही करा, पण कुंकू नाही म्हणजे आम्हाला चुकल्यासारखं वाटतं." तिचं वाटणं खोटं नव्हतं. मी वाद घातला नाही. तिच्या घरच्या हळदीकुंकवाला मी गेले, फक्त जाताना सांगितलं की सासूबाईंनाही बोलावलंत तर दोघी येऊ. त्या वर्षी मी एकटीच गेले.

दुसरीकडे, आमच्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर राहणाऱ्या एक आजी आल्या. इतकी वर्षं त्यांना मी फक्त लिफ्टमध्ये पाहिलं होतं. त्या मराठी आहेत, हेच मला माहीत नव्हतं, कारण मराठी माणसं जमतात तिथे त्यांना कधी कुणी बोलावलंच नव्हतं.

आणि सासूबाई? पहिल्या वर्षी त्या स्वयंपाकघरातून बाहेर आल्याच नाहीत. लाडू वळायला घेतले ते पाहुणे जाईपर्यंत वळत राहिल्या. मी दोनदा बोलावलं. तिसऱ्यांदा नवऱ्याने मला थांबवलं. "तिला ओढू नकोस. आत बसायला तिला आपण सांगितलं नव्हतं, बाहेर ये म्हणून हुकूमही नको."

मागच्या ३ जानेवारीला वरच्या मजल्यावरच्या आजी आल्या आणि त्यांनी मोठ्याने विचारलं, "तुमच्या सासूबाई कुठे आहेत? मी त्यांच्याशी बोलायला आले आहे." सासूबाई हात पुसत आल्या. दारापाशी खुर्ची होती, तिच्यावर बसल्या. दोघींचं माहेर देवासचं निघालं. मग तासभर त्यांना कुणाची गरज नव्हती. निघताना वाण द्यायची वेळ आली, तेव्हा लेकीने पुस्तकांचा गठ्ठा सरळ आजीच्या मांडीवर ठेवला आणि स्वतः लाडवांचा डबा घेऊन शेजारी उभी राहिली. प्रत्येकाच्या हातात पुस्तक सासूबाईंनी दिलं.

रात्री मी भीत भीत विचारलं, "आई, तुम्हाला कुंकू नाही याचं वाईट वाटलं का?" त्या म्हणाल्या, "अगं, कुंकू मला नकोच होतं. मला बाहेर खुर्ची हवी होती."

हा सण आता आमच्या घरी तिसऱ्यांदा येतो आहे. लेक नऊ वर्षांची झाली आहे. प्लॅस्टिकचं झाडही २५ ला निघतं, त्याला कुणी मनाई केलेली नाही. सासूबाईंची रोजची पूजा चालू आहे, आमचं न करणं चालू आहे. संक्रांतीला त्या देवाला तिळगूळ ठेवतात आणि आम्हाला देतात, आम्ही खातो.

तुमच्या घरी असंच काही करायचं मनात असेल, तर मला अनुभवाने कळलेलं एवढंच. दहा उपक्रम करू नका, एक दिवस धरा. घरातल्या प्रत्येकाला काम द्या, आणि तळणीचं काम पुरुषांना द्या. मोजायचं असेल तर तुमच्या गावाचा अक्षांश शोधा. बडोद्याची सावली आमच्यापेक्षा थोडीच आखूड येईल, ग्वाल्हेरची बरीच लांब, हैदराबादची खूपच आखूड. मुलांना नकाशापेक्षा त्यातून जास्त कळतं. आणि निमंत्रणाची यादी करताना आपल्याच बिल्डिंगमधून एकदा वरपासून खालपर्यंत फिरून या.

या २२ तारखेला बारा पंचवीसला आम्ही गच्चीवर असू. या वेळी सासूबाईंनी उतारावर उपाय म्हणून शिवणाच्या मशीनचं जुनं फळकूट काढून ठेवलं आहे. १०४ आलंच पाहिजे, असं त्यांचं म्हणणं आहे.